नातेवाइकांच्या ताब्यात देण्याआधी रुग्णाला विचारा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
मा. अध्यक्ष व सदस्य, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरण

सन्माननीय महोदय,

मनोविकार विभागातून घरी निघालेल्या माणसाच्या कागदांवर शेवटची ओळ बहुधा हीच असते: 'नातेवाइकांच्या ताब्यात दिले.' खाली सही. सही करणारा बाप असतो, थोरला भाऊ असतो, काका किंवा मामा असतो. या सहीआधी रुग्णाला एकट्याला बसवून एक गोष्ट विचारायला हवी, आणि आमच्या पाहण्यात ती जवळजवळ कधीच विचारली जात नाही. लहानपणी तुम्हाला ज्याने मारलं, कोंडलं, उपाशी ठेवलं किंवा नको तिथे हात लावला, तो माणूस या घरात आहे का?

आम्ही मानसोपचार विभागांत काम करणारे मनोविकृती सामाजिक कार्यकर्ते, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका आणि स्वमदत गट चालवणारे लोक आहोत. रुग्ण सहा महिन्यांनी परत दाखल होतो तेव्हा 'औषधं स्वतःहून बंद केली' ही नोंद आमच्याच हातून होते. ती खरी असते, पण अर्धी. उरलेली अर्धी लिहायला कागदावर जागाच नाही. म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहोत, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत.

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये मुलांवरच्या अत्याचारांचा देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतली १२,४४७ मुलं त्यात होती. महाराष्ट्र आणि गोवा ही दोन्ही राज्यं त्यात होती. तीनपैकी दोन मुलांनी मारहाण सोसली होती. ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सांगितला, आणि त्यांत मुलगे मुलींपेक्षा थोडे जास्तच होते. घरात मार खाल्लेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक मुलांना मारणारे आईवडीलच होते. तेव्हाची बारा-चौदा वर्षांची मुलं आज तिशीत आहेत. ती आता आमच्या ओपीडीत येतात.

याचा आजाराशी काय संबंध, हे आता वादाचं राहिलेलं नाही. १९९८ मध्ये अमेरिकेत सान दिएगोच्या अभ्यासाने दाखवलं की बालपणी सोसलेल्या आघातांचे प्रकार जसजसे वाढतात तसतसं पुढच्या आयुष्यातलं नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचे प्रयत्नही पायरीपायरीने वाढतात. २०१२ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षानुसार, असे आघात झालेल्यांत सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं, भास आणि भ्रम होणं) होण्याची शक्यता सुमारे पावणेतीन पट आढळली. याचा अर्थ प्रत्येक मनोरुग्णाचं बालपण छळात गेलं असा मुळीच नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात स्किझोफ्रेनियाचं खापर आईच्या वागण्यावर फोडणारा सिद्धांत मानसोपचारात मिरवला गेला आणि त्याने निर्दोष आयांना जन्मभर जाळलं. ती चूक आम्हाला पुन्हा करायची नाही. बहुतेक घरं पदरमोड करून, एसटीत चार-चार तास बसून आपल्या माणसाला उपचाराला आणतात. त्यांच्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. तक्रार ही आहे की कोणतं घर कसं आहे हे न विचारताच आपली यंत्रणा प्रत्येक घराला 'आधार' समजून चालते.

आता एकेक.

पहिली तक्रार बालपणाच्या नोंदीबद्दल. केसपेपरवर बाळंतपण कसं झालं, मूल चालायला कधी लागलं, शाळा कितवीपर्यंत, घराण्यात कुणाला आजार, व्यसन, लग्न, सगळं लिहिलं जातं. सांगणारा असतो सोबत आलेला नातेवाईक, आणि त्याच्या नावापुढे ठरलेला शेरा असतो: 'माहिती विश्वासार्ह व पुरेशी.' ज्याने छळ केला त्याच्याच तोंडून बालपण लिहून घेतलं, तर ते 'सामान्य' असंच लिहिलं जाणार.

जिथे रुग्णाला विचारतात तिथेही प्रश्न चुकतो. 'लहानपणी काही अत्याचार वगैरे?' असं विचारलं की उत्तर 'नाही' येतं. मारल्याशिवाय वळण लागत नाही हे ऐकतच तो वाढलेला असतो. बापाचा पट्टा हा अत्याचार असतो हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून 'अत्याचार' हा शब्द बाजूला ठेवून घडलेल्या कृती विचाराव्या लागतात. घरात मोठं कुणी चिडलं की काय व्हायचं? अंगावर वळ उठेल किंवा दवाखान्यात न्यावं लागेल असं कुणी मारलं होतं का? 'तू जन्मालाच यायला नको होतास' असं पुन्हापुन्हा कुणी म्हणायचं का? घरात अन्न असूनही उपाशी राहावं लागलं का? आजारी पडलात तर दवाखान्यात कोण न्यायचं? घाबरलात तर कुणाजवळ जायचात? तुम्हाला नको असताना कुणी अंगाला हात लावला, किंवा लावायला लावला का? जगभर वापरली जाणारी चाइल्डहूड ट्रॉमा प्रश्नावली २८ प्रश्नांची आहे. मानसिक छळ, मारहाण, लैंगिक अत्याचार, मायेची उपेक्षा आणि खाण्यापिण्या-देखभालीची उपेक्षा या पाच भागांचे पाच-पाच प्रश्न तीत आहेत. उरलेले तीन प्रश्न माणूस आपलं बालपण फार गोड करून सांगतोय का, हे पाहण्यासाठी. पाचांपैकी शेवटच्या दोन भागांकडे आपल्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही, कारण उपेक्षेचा वळ उठत नाही.

विचारण्याची वेळही महत्त्वाची. दाखल झालेल्या दिवशी, आवाज ऐकू येत असताना, झोप नसताना हे विचारायचं नसतं. औषधांनी माणूस सावरला, दोन-तीन भेटी झाल्या, नातेवाईक बाहेर बसवले, दार लावलं, बाईला बाई कार्यकर्ती हवी का हे विचारलं, की मग. उत्तर नाही दिलं तरी चालेल, उपचारात फरक पडणार नाही, हे आधी सांगायचं. 'हो' आलं तर तपशील उकरायचा नाही. यात तुमचा दोष नव्हता, हे शब्दांत सांगायचं. तो माणूस आज कुठे आहे, त्या घरात आज लहान मुलं आहेत का, जीव नकोसा वाटतो का, इतकंच त्या दिवशी विचारायचं आणि पुढची भेट आठवड्याच्या आत ठेवायची. सांगून झाल्यावर पहिले काही दिवस त्रास वाढू शकतो. एवढ्या गोष्टी शिकवल्याशिवाय नुसता प्रश्न छापून दिलात तर नुकसानच होईल. (हे वाचताना कुणाला जड गेलं, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास, मोफत आहे. मुलांसाठी १०९८.)

आणखी एक गैरसमज आमच्याच क्षेत्रात घट्ट बसला आहे: सायकोसिसचा रुग्ण असं सांगतो तो भ्रमच असणार. अभ्यास तसं म्हणत नाहीत. अशा रुग्णांचं बालपणाबद्दलचं सांगणं वर्षांनंतरही बऱ्यापैकी तेच राहतं. चूक होते ती बहुधा कमी सांगण्याची.

दुसरी तक्रार छोटी वाटेल, पण तिच्यामुळे माणसं संकटात सापडतात. सरकारी दवाखान्यात ओपीडीचा केसपेपर रुग्णासोबत घरी जातो. तो प्लास्टिकच्या पिशवीत, बहुधा नातेवाइकाच्या हातात असतो. सांगितलेलं त्यावर लिहिलं तर ते त्याच संध्याकाळी घरात वाचलं जातं. नाही लिहिलं तर पुढच्या डॉक्टरला कळत नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं, पण विभागात कुलूपबंद राहील असा वेगळा कागदच नसेल तर तो हक्क पाळायचा कुठे? उपाय साधा आहे. तपशील वेगळ्या पानावर विभागात राहावा आणि घरी जाणाऱ्या कागदावर फक्त एक खुणेचा क्रमांक असावा.

तिसऱ्या तक्रारीसाठी हे पत्र मुख्यतः आहे. 'सोशल सपोर्ट' या रकान्यात आपण लिहितो: 'चांगला, आईवडिलांसोबत राहतो.' एका छताखाली राहणं आणि आधार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आधार मोजायचा तर माणसाला काय वाटतं हे विचारावं लागतं. त्यासाठी बारा प्रश्नांची एक सोपी मोजपट्टी १९८८ पासून वापरात आहे. चार प्रश्न कुटुंबाबद्दल, चार मित्रांबद्दल, चार आयुष्यातल्या एखाद्या खास माणसाबद्दल. प्रत्येकाला एक ते सात गुण. पाच-सात मिनिटांत होते. तिन्ही भागांची सरासरी वेगवेगळी काढायची, एकत्र नाही. कुटुंबाचा भाग दोनवर आणि 'काळजीवाहक' म्हणून सही वडिलांची, असं दिसलं की तिथेच थांबून विचार करायला हवा.

घरातल्या वातावरणाचा आजार उलटण्याशी असलेला संबंध तर गेल्या शतकातच स्पष्ट झाला. सतत टोचणारं, दोष देणारं घर, आणि त्या माणसांच्या समोर आठवड्याला ३५ तासांहून जास्त वेळ काढावा लागणं, या दोन गोष्टी जुळल्या की स्किझोफ्रेनिया परत उसळण्याचं प्रमाण बरंच वाढतं. एका खोलीच्या घरात ३५ तास तीन दिवसांतच भरतात. गोळ्यांचा डबा कुणाच्या ताब्यात आहे तेही पाहा. 'गोळी हवी तर आधी हे कर' असं ज्या घरात चालतं, तिथून आलेला माणूस औषध बंद करतो तेव्हा तो फक्त औषध नाकारत नसतो.

बायकांचं दुखणं याहून अवघड. सासरने टाकलं की यंत्रणेला एकच पत्ता सुचतो, माहेर. 'माहेरी पाठवली' असं लिहून फाइल बंद होते. जिचा छळ माहेरातच झाला, जिने तिथून सुटायला म्हणून स्वतःच घाईने लग्न स्वीकारलं, तिला परत त्याच ओसरीवर नेऊन सोडलं जातं. ती जायला तयार नसेल तर 'असहकार्य' असा शेरा बसतो, आणि मग ती वॉर्डातच राहते, कधी कधी वर्षानुवर्षं. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १९ स्पष्ट सांगतं की कुटुंब नाही, किंवा कुटुंब स्वीकारत नाही, किंवा बाहेर सोय नाही एवढ्या कारणावरून कुणालाही रुग्णालयात ठेवता येणार नाही, आणि बाहेरची सोय करणं शासनाचं काम आहे. कुटुंबाने रुग्णाला नाकारण्याचा विचार या कलमात आहे. रुग्णाने कुटुंबाला नाकारण्याचं काय? त्यालाही तोच हक्क आहे असं आम्ही मानतो, आणि परिपत्रकात ते शब्दांत यायला हवं.

इथेच त्याच कायद्याचं कलम १४ कामाला येतं, आणि ते वापरलंच जात नाही. प्रत्येक सज्ञान माणसाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या बाबतीत आपल्या वतीने बोलणारा माणूस, निवडता येतो. साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा पुरतो. स्टँप पेपर लागत नाही, प्रतिनिधी नात्यातला असावा लागत नाही, आणि नंतर कधीही बदलता येतो. शाळेची मैत्रीण, शेजारची मावशी, गटातला सोबती, कुणीही चालतं. निवड केली नसेल तर मात्र क्रमाने पहिला मान नातेवाइकाचा. म्हणजे आपण विचारलं नाही की कायदा आपोआप त्याच घराकडे बोट दाखवतो. मग आजाराची माहिती मागण्याचा, घरी जाण्याच्या नियोजनात बसण्याचा आणि कलम ८९ खाली तीस दिवसांपर्यंत रुग्णालयात दाखल करून घेण्यासाठी अर्ज करण्याचा अधिकार त्या नातेवाइकाकडे जातो. मारणाऱ्याच्या हातात आता दाखल करण्याचीही धमकी येते. 'जास्त बोललीस तर परत वेड्यांच्या दवाखान्यात टाकीन' हे वाक्य आम्हाला पाठ आहे.

चौथी तक्रार कर्मचाऱ्यांच्या नेमणुकांची. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातले बरेच कर्मचारी अकरा महिन्यांच्या करारावर असतात. लहानपणी ज्यांच्यावर विसंबलं त्यांनीच घात केला, अशा माणसाला कुणावर विश्वास टाकायला दीड-दोन वर्षं लागतात. तो भेटी चुकवतो, भांडतो, कार्यकर्ता सोडून जातोय का याची परीक्षा पाहतो. आणि नेमका बोलायला लागतो तेव्हा समोरची खुर्ची रिकामी असते. त्याच्या लेखी हे आणखी एकदा सोडून जाणं असतं. रुग्णाला 'नॉन-कम्प्लायंट' (उपचार न पाळणारा) ठरवण्याआधी आपल्या यंत्रणेने किती वेळा माणूस बदलला ते मोजावं.

पाचवी, पोक्सोबद्दलची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याबद्दलची. त्या कायद्याचं कलम १९ माहिती असणाऱ्या प्रत्येकाला पोलिसांना कळवायला सांगतं, न कळवल्यास शिक्षा आहे. कायदा नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. समोर बसलेली बाई चाळिशीची, घटना तीस वर्षांपूर्वीची, आणि तिला तक्रार करायची नाही. अशा वेळी काय करायचं याचं लेखी मार्गदर्शन हाताशी नसल्यामुळे अनेक कर्मचारी विचारतच नाहीत; ऐकलंच नाही तर कळवायला नको. त्या घरात आज एखादं मूल धोक्यात असेल तर प्रश्नच नाही, कळवायलाच हवं, आणि हे रुग्णाला बोलतं करण्याआधीच सांगायला हवं. बाकी प्रसंगांसाठी विधी व न्याय विभागाचं स्पष्ट पत्र लागेल.

सहावी: घर नको, तर कुठे? पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयांतून बाहेर पडणाऱ्यांसाठी मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम १८ आणि १९ मधली अर्धवाट गृहं (रुग्णालय आणि घर यांच्या मधला निवास), गटगृहं, आधारित निवास फार तुटपुंजे आहेत. जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आपल्याच राज्याला सांगावं लागलं की बरे झालेल्यांना भिक्षेकरीगृहात आणि तशा संस्थांत हलवणं ताबडतोब थांबवा. नमुने नाहीत असंही नाही. चेन्नईच्या 'द बॅनियन' संस्थेच्या 'होम अगेन'मध्ये चार-पाच जणी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात, मदतनिसासोबत राहतात. नाशिक जिल्ह्यात सुरू होऊन गुजरातेतल्या मेहसाणात वाढलेल्या 'आत्मीयता' प्रकल्पात गावातलीच शिकवून तयार केलेली माणसं चार ते सहा भेटींत आधार देतात आणि सरकारी योजनांपर्यंतही पोचवतात.

योजनांचंही तेच. दिव्यांग प्रमाणपत्रावर ४० टक्के लिहून मिळाले तरी संजय गांधी निराधार योजनेसाठी रेशन कार्ड, रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. कार्ड असतं त्या घराच्या कपाटात. ज्या दारातून बाई पळून आली, त्याच दाराशी कागद मागायला तिला जावं लागतं.

आमच्या मागण्या अशा:

बालपणाबद्दल कृतिवाचक प्रश्नांचा एक वेगळा, गोपनीय कागद सर्व शासकीय मानसोपचार विभागांत लागू करा. तो विभागातच राहील, केसपेपरसोबत जाणार नाही. प्रश्न विचारणाऱ्याला किमान दोन दिवसांचं, सरावासह प्रशिक्षण दिल्याशिवाय तो वापरायला देऊ नका.

दाखल झाल्यावर रुग्ण सावरताच, नातेवाईक बाहेर असताना, त्याला नामनिर्देशित प्रतिनिधी निवडण्याचा हक्क मराठीत समजावून सांगितल्याची नोंद सक्तीची करा.

मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९८ खालच्या घरी जाण्याच्या नियोजनात तीन गोष्टी आल्याच पाहिजेत: घरात सुरक्षित वाटतं का याचं रुग्णाचं एकांतातलं उत्तर, घराबाहेरच्या निदान दोन माणसांची नावं, आणि ७२ तासांत फोन व सात दिवसांत भेट. रुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे आत्महत्येच्या दृष्टीने सगळ्यात धोक्याचे असतात. ज्याच्याजवळ दोन नावं नसतील, त्याला ती मिळवून देणं हे समाजकार्याचं काम समजा आणि त्यासाठी तास राखून ठेवा.

मानसिक आरोग्य कार्यक्रमातली समाजकार्य आणि मानसशास्त्रज्ञांची पदं नियमित करा. ते होईपर्यंत, करार संपण्याआधी महिनाभर जुना आणि नवा कार्यकर्ता रुग्णाला एकत्र भेटतील अशी व्यवस्था ठेवा.

पोक्सोबाबतचं लेखी मार्गदर्शन काढा. निराधार योजनेसाठी रुग्णालयाच्या समाजकार्य विभागाचं पत्र पत्त्याचा आणि वेगळं राहत असल्याचा पुरावा म्हणून ग्राह्य धरा. प्रत्येक महसुली विभागात सुरुवातीला निदान दोन गटगृहं, एक बायकांचं आणि एक पुरुषांचं, भाड्याच्या घरांत सुरू करा. इमारतीच्या निविदेसाठी थांबू नका.

पहिल्या दोन मागण्यांना नवं पद लागत नाही, नवी इमारत लागत नाही. एक परिपत्रक पुरतं. ते तीन महिन्यांत निघावं आणि त्याची प्रत प्रत्येक मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे जावी, ही विनंती. प्रश्नांचा मराठी मसुदा आमच्याजवळ तयार आहे, आणि इतरांना प्रशिक्षण द्यायला आम्ही आमचे सुट्टीचे दिवस देऊ. भेटीची वेळ कळवावी.

आपले,
मानसोपचार विभागांत आणि स्वमदत गटांत काम करणारे कार्यकर्ते